उकळत्या इंधनाचा ट्रॅक्टर

घरी गॅसचे नवे सिलिंडर आले, की ते आणणारा माणूस ते तिरपे करून सरकवतो. त्या वेळी कान देऊन ऐका. आत काहीतरी डचमळते. आपण ज्याला ‘गॅस’ म्हणतो, तो सिलिंडरमध्ये बव्हंशी द्रवरूपात असतो. दाबामुळे तो द्रव राहतो. तोटी उघडली की दाब थोडा उतरतो, द्रव उकळू लागतो आणि त्याची वाफ शेगडीकडे येते. म्हणजे चहाचे आधण उकळण्यापूर्वीच स्वयंपाकघरात एक गोष्ट उकळू लागलेली असते, आणि तीही खाली विस्तव न लावता!

आता असे करू. या सिलिंडरच्या जागी आडवी, जाड पोलादी टाकी घ्या. ती दोन-तीन टन वजनाच्या ट्रॅक्टरवर बसवा आणि शेगडीऐवजी इंजिन चालवा. ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील मिनिआपोलिस-मोलाइन या कंपनीने १९४१ साली आपला ‘यू’ नमुन्याचा ट्रॅक्टर याच इंधनावर चालेल असा कारखान्यातूनच बनवून विकायला काढला. पुढे जॉन डिअर, केस, ऑलिव्हर, फार्मऑल अशी तिथली बहुतेक मोठी नावे या वाटेने गेली. १९५० ते १९७० या काळात टेक्सास, ओक्लाहोमा, कॅन्सस या भागांतील शेतांवर असे ट्रॅक्टर सर्रास दिसत. आज ते जुन्या यंत्रांचे शौकीन जपतात. त्यांपैकी एखादा चालू स्थितीत ठेवायचा, तर मालकाला निम्मे पदार्थविज्ञान आणि थोडे रसायनशास्त्र यायलाच हवे. तेवढे येत नसेल, तर अशा ट्रॅक्टरच्या वाटेला न गेलेलेच बरे. कारण पुढे कळेलच.

या इंधनाचे नाव प्रोपेन. त्याच्या शोधाची कथा गमतीची आहे. १९१० साली पिट्सबर्ग येथे वॉल्टर स्नेलिंग हा रसायनशास्त्रज्ञ सरकारच्या खाणखात्यात काम करीत होता. एका मोटारमालकाने तक्रार आणली, की विकत घेतलेले पेट्रोल घरी पोचेपर्यंत निम्मे उडून जाते. स्नेलिंगने ते पेट्रोल काचेच्या भांड्यात भरून बूच लावले, तर बूच पुन्हा पुन्हा उडू लागले. आत काहीतरी उकळत होते. घरगुती साधनांतून त्याने ऊर्ध्वपातनाचे यंत्र उभारले आणि पेट्रोलमधून जे वायू निसटत होते ते वेगळे केले. त्यांतच प्रोपेन होते. पुढे तेलशुद्धीकरणात आणि नैसर्गिक वायू साफ करताना ते मुबलक निघू लागले. जिथे तेलविहिरी होत्या, तिथे ते पेट्रोलपेक्षा बरेच स्वस्त पडे. टेक्सासच्या शेतकऱ्याला ते आवडण्याचे खरे कारण हे.

आता यंत्राकडे वळू. प्रोपेनचा उत्कलनबिंदू उणे ४२ अंश सेल्सिअस. २० अंशांच्या हवेत टाकीतला दाब वातावरणाच्या दाबाच्या आठपटीहून थोडा अधिक असतो, तर ४० अंशांना तो तेरा-चौदापट होतो. पेट्रोलच्या ट्रॅक्टरात इंधन टाकीतून खाली ओघळते किंवा पंपाने ओढावे लागते. इथे पंप नकोच. इंधन स्वतःच्याच दाबाने धावत सुटते. प्रश्न आहे तो त्याला आवरण्याचा.

टाकीला दोन तोट्या असतात. एकीची नळी टाकीच्या वरच्या भागातून वाफ घेते, दुसरीची तळातून द्रव घेते. सकाळी गार इंजिन सुरू करताना चालक वाफेची तोटी उघडतो. इंजिन तापले, की द्रवाची तोटी उघडून वाफेची बंद करतो. हा खटाटोप कशासाठी? दिवसभर वाफेवरच का चालवू नये?

थोडे गणित करा. अशा ट्रॅक्टरला चाळीसेक अश्वशक्तीचे काम करताना तासाला सुमारे २० लिटर, म्हणजे १० किलोग्रॅम प्रोपेन लागते. एक किलोग्रॅम प्रोपेनची वाफ व्हायला साधारण ३६० किलोज्यूल उष्णता लागते. ही त्याची बाष्पीभवनाची गुप्त उष्णता. तासाला १० किलोग्रॅम म्हणजे ३६०० किलोज्यूल झाले. तास ३६०० सेकंदांचा. तेव्हा सेकंदाला १ किलोज्यूल, म्हणजे बरोबर १ किलोवॉट! पाणी तापवायची विजेची एक कांडी सतत चालू ठेवावी, इतकी उष्णता नुसते इंधन उकळण्यात खर्च होते.

ही उष्णता कोण देणार? वाफेवरच चालवले, तर टाकीतल्या द्रवालाच ती स्वतःच्या अंगातून द्यावी लागते. टाकीत ५० किलोग्रॅम द्रव आहे असे धरा. त्याची विशिष्ट उष्णता किलोग्रॅममागे, अंशामागे सुमारे २.५ किलोज्यूल. बाहेरच्या हवेने आणि पोलादाने दिलेली उष्णता सोडली, तर तासाभरात तो द्रव २९ अंशांनी थंड होईल! टाकीवर आधी दव, मग पांढरे हिव जमेल, दाब घसरेल आणि भर नांगरणीत ट्रॅक्टर दम टाकील. मोठ्या भटारखान्यात एकाच सिलिंडरवर मोठी शेगडी तासन्‌तास चालते तेव्हा सिलिंडरला बाहेरून ‘घाम’ फुटतो, तो याच कारणाने.

म्हणून द्रव थेट इंजिनाजवळ न्यायचा आणि तिथे उकळायचा. तिथे एक ओतीव धातूचे भांडे असते, त्याला बाष्पक म्हणू. इंजिन थंड ठेवणारे पाणी रेडिएटरकडे जाण्यापूर्वी याच्या भोवतीून फिरते. इंजिनाला नकोशी झालेली उष्णता इंधनाला हवी असते, दोघांचेही भागते. मात्र पाणी गार असतानाच चालकाने घाईने द्रवाची तोटी उघडली, तर बाष्पक पाण्याकडून उरलीसुरली उष्णता ओढून घेतो. पाणी आतच गोठते, बाष्पकावर हिव चढते, न उकळलेले इंधन पुढे घुसते आणि इंजिन गुदमरून बंद पडते. मग थांबायचे. नाहीतर बाष्पकावर कोमट पाणी ओतायचे. ज्योत मात्र कधीच लावायची नाही.

बाष्पकातून निघालेल्या वायूचा दाब दोन टप्प्यांत उतरवतात. दुसऱ्या टप्प्यात रबरी कापडाचा एक पडदा असतो. इंजिनाने श्वास ओढला, की तो पडदा किंचित हलून झडप उघडतो. इंजिन थांबले की झडप मिटते. हा पडदा साठ-सत्तर वर्षांत कडक होतो, चिरतो. जुना ट्रॅक्टर घेणारा जाणता माणूस रंगरंगोटीच्या आधी हा पडदा बदलतो.

इंजिनाच्या आत प्रोपेन फार गुणी ठरते. त्याचा ऑक्टेन अंक शंभराच्या वर. त्यामुळे मिश्रण अधिक दाबले तरी ते अवेळी पेटून ठोके देत नाही. त्या काळी रॉकेलसारख्या हलक्या इंधनावरच्या ट्रॅक्टरांचे संपीडन गुणोत्तर साडेचारच्या आसपास असे, पेट्रोलवरच्यांचे सहा-सातच्या. प्रोपेनसाठी ते आणखी वाढवता येई. शिवाय पेट्रोलचे थेंब न जळता सिलिंडरच्या भिंतीवर पडून वंगण धुऊन काढतात. प्रोपेन वायुरूपातच आत येत असल्यामुळे तसे होत नाही. तेल बदलायला काढले तर ते अजून मधाच्या रंगाचे दिसते, काजळी नावालाच.

पेट्रोलच्या इंजिनात आत येणारी नळी मुद्दाम निष्कासाच्या उष्णतेने तापवतात, म्हणजे पेट्रोलचे थेंब विरघळून वाफ होतात. प्रोपेनला याची गरज नाही. उलट आत येणारा वायू तापला तर पसरतो आणि सिलिंडरमध्ये त्याचे कमी वजन मावते. म्हणून कारखान्यात बनलेल्या प्रोपेन-ट्रॅक्टरची नळी थंड ठेवलेली असे. ज्यांनी पेट्रोलच्या ट्रॅक्टरवर नुसती टाकी आणि बाष्पक चढवला, त्यांची ताकद घटली, आणि दोष विनाकारण इंधनाला मिळाला.

खरी परीक्षा टाकीची असते. पाणी २० वरून ४० अंशांपर्यंत तापवले, तर १०० लिटरांचे साडेशंभरहून थोडेसेच अधिक होतात. द्रव प्रोपेनचे मात्र १०७ लिटर होतात! सकाळच्या गारव्यात टाकी काठोकाठ भरली आणि दुपारी ट्रॅक्टर उन्हात उभा राहिला, तर द्रवाला पसरायला जागा राहत नाही. द्रव जवळजवळ दाबला जातच नाही. तेव्हा एकतर सुरक्षा-झडप उडते, नाहीतर पोलाद फाटते. म्हणून टाकी ८० टक्केच भरायची. त्यासाठी ८० टक्क्यांच्या पातळीपर्यंत आत उतरलेली एक बारीक नळी असते. भरताना तिचा स्क्रू सैल ठेवतात. आधी तिच्यातून अदृश्य वायू फुसफुसतो. द्रव पातळीला पोचला, की पांढऱ्या धुक्याचा फवारा येतो. धुके दिसताच भरणे बंद. मापनाची इतकी साधी आणि इतकी चोख पद्धत मला तरी दुसरी आठवत नाही.

टाकीवर एक धातूची पट्टी डाकलेली असते. तिच्यावर कोणत्या नियमांनुसार आणि किती दाबासाठी टाकी बनवली ते कोरलेले असते. ही पट्टी गंजून किंवा रंगाखाली जाऊन वाचता येईनाशी झाली, तर अमेरिकेतला गॅसविक्रेता टाकी भरून देत नाही. मालक कितीही अजिजी करो! आणि ते योग्यच आहे. आतला गंज बाहेरून दिसत नाही.

गंजाचा आणखी एक छुपा धोका आहे. प्रोपेनला स्वतःचा वास नाही. १८ मार्च १९३७ रोजी टेक्सासमधील न्यू लंडन गावच्या शाळेत नैसर्गिक वायू तळघरात गळून साठला. तोही बिनवासाचा. स्फोटात जवळजवळ तीनशे मुले आणि शिक्षक मृत्युमुखी पडले. त्यानंतर वायूत उग्र वासाचे मर्कॅप्टन मिसळण्याचा कायदा टेक्सासने केला, आणि ही पद्धत सर्वत्र पसरली. तुमच्या स्वयंपाकघरात गळती झाली की येतो तो वास याच जातीच्या रसायनाचा. पण वर्षानुवर्षे रिकामी, उघडी पडलेली जुनी टाकी आतून गंजलेली असेल, तर तो गंज मर्कॅप्टनशी क्रिया करतो आणि वास फिका पडतो. गळती असते, पण पहारेकरी झोपलेला! त्यातून प्रोपेनची वाफ हवेच्या दीडपट जड. ती वर उडून जात नाही. जमिनीलगत पसरते, खड्ड्यात साचते. हवेत तिचे प्रमाण २ टक्क्यांच्या थोडे वर गेले, की एक ठिणगी पुरते. म्हणून जाणते मालक नाकावर विसंबत नाहीत. प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडे पाहतात, आणि ट्रॅक्टर बंदिस्त, खड्डा असलेल्या गोठ्यात ठेवत नाहीत.

इतके गुण असून हा ट्रॅक्टर मागे का पडला? जॉन डिअरचा ४०२० हा नमुना १९६३ ते १९७२ या काळात बनला. तो पेट्रोल, डिझेल आणि एलपी गॅस अशा तिन्ही प्रकारांत मिळे, आणि शेतकऱ्यांनी डिझेलला कौल दिला. एक लिटर द्रव प्रोपेनमध्ये सुमारे २५ मेगाज्यूल ऊर्जा असते, डिझेलमध्ये सुमारे ३६. त्यात डिझेल-इंजिनाची कार्यक्षमता अधिक. त्यामुळे तेवढ्याच कामाला प्रोपेन दीडपटीहून जास्त लिटर लागे. टाकी मोठी, जड, भरायला वेळखाऊ. स्वस्ताई होती तोवर हे सारे चालून गेले. भावातला फरक कमी झाला, तेव्हा अनेकांनी टाकी उतरवून पेट्रोलचा कार्ब्युरेटर चढवला. त्यामुळे मूळ स्वरूपातले प्रोपेन-ट्रॅक्टर आज थोडे उरले आहेत, आणि टाकी धोक्याची वाटली तर ती काढून टाकावी की दुरुस्त करून ठेवावी, हा पेच नव्या मालकापुढेही उभा राहतोच. माझ्या मते पट्टी शाबूत असेल आणि टाकी जाणकाराने तपासलेली असेल, तर ठेवावी. नसेल तर ती भंगारात द्यावी. ती शोभेसाठी अंगणातही नको.

काम संपल्यावर हा ट्रॅक्टर बंद करण्याचीही एक रीत आहे. किल्ली फिरवून इंजिन थांबवत नाहीत. आधी टाकीची तोटी घट्ट बंद करतात. नळीत आणि बाष्पकात उरलेले प्रोपेन संपेपर्यंत इंजिन तसेच फिरत राहते. मिनिटभरात आवाज बदलतो, एक-दोन आचके बसतात आणि ते आपोआप थांबते. मग किल्ली.