सही झाली, पोच कुठे आहे?

सरकारी कचेरीत ज्यांनी थोडे दिवस तरी काढलेत त्यांना आवक-जावक म्हणजे काय ते सांगायला नको. पत्रावर साहेबांची सही होते, शिक्का बसतो, जावक क्रमांक पडतो. पण समोरच्या कचेरीच्या आवक रजिस्टरात नोंद होईपर्यंत ते पत्र पोचलं असं कुणी म्हणत नाही. मराठवाड्यातल्या सरकारी नोकऱ्यांचा प्रश्न आज मी या दोन रजिस्टरांच्या मधून मांडणार आहे.

सुरुवात जरा लांबून करतो. अमेरिकेचं प्रजासत्ताक तेव्हा अगदी नवं होतं. मार्च १८०१ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यांनी पद सोडता सोडता बऱ्याच नेमणुका केल्या. विल्यम मार्बरी नावाच्या गृहस्थाला राजधानीत छोट्या दर्जाच्या दंडाधिकाऱ्याचं पद मिळालं. सिनेटची मंजुरी झाली, ॲडम्स यांची सही झाली, परराष्ट्रमंत्री जॉन मार्शल यांनी शिक्का मारला. पण ते नेमणूकपत्र घाईत पोचवायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी जेफर्सन सत्तेवर आले आणि त्यांनी ते अडवलं. मार्बरी सर्वोच्च न्यायालयात गेला. तिथे सरन्यायाधीश कोण? तेच मार्शल! १८०३ मध्ये त्यांनी निकाल दिला की मार्बरीचा हक्क खरा आहे, पण तो या न्यायालयाने थेट मिळवून द्यावा असं सांगणारं कायद्यातलं कलमच घटनेला धरून नाही. कायदा घटनाबाह्य ठरवण्याचा न्यायालयाचा अधिकार या खटल्याने पक्का झाला, म्हणून तो जगभर शिकवला जातो. मार्बरीला मात्र ते पद कधीच मिळालं नाही.

आता आपल्याकडे येऊ. निजामाच्या राज्यात नांदेड औरंगाबाद सुभ्यात होतं. लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका, तर उदगीर, निलंगा, अहमदपूर बिदर जिल्ह्यात. पहिल्या सालारजंगांनी १८६० च्या दशकात जिल्हे पाडले, तालुकदार-तहसीलदारांची घडी बसवली. ही घडी चालवायला उत्तर हिंदुस्थानातून शिकलेली माणसं आणली गेली. मोहसिन-उल-मुल्क, सय्यद हुसेन बिलग्रामी ही त्यांतली मोठी नावं. १८८४ च्या सुमारास फारसी जाऊन उर्दू कारभाराची भाषा झाली. रयत बोलायची मराठी, तेलुगू, कन्नड. मिसल लिहिली जायची उर्दूत. म्हणजे खुर्चीवर कोण बसणार हे जाहिरात निघायच्या आधीच भाषेनं अर्धं ठरवून टाकलेलं असे.

यातूनच मुल्की आणि गैरमुल्की हा वाद उभा राहिला. १९१९ मध्ये निजामाचं फर्मान निघालं: नोकरी मुल्की माणसालाच. मुल्की म्हणजे राज्यात जन्मलेला, किंवा पंधरा वर्षं कायम राहिलेला आणि परत जायचा विचार सोडलेला. कागदावर संरक्षण चांगलं होतं. पण दाखला देणारी कचेरीच ढिली असेल तर? १९५२ मध्ये हैदराबादेत मोठं आंदोलन पेटलं, त्यामागे बनावट मुल्की दाखल्यांची तक्रार होती.

पुढच्याच वर्षी, २८ सप्टेंबर १९५३ ला, नागपूर करार झाला. यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे आणि आपल्याकडचे देवीसिंग चौहान यांच्या त्यावर सह्या आहेत. त्यात स्पष्ट लिहिलंय की सरकारी नोकऱ्यांत सर्व श्रेणींची भरती त्या त्या भागाच्या लोकसंख्येच्या प्रमाणात होईल. हे वाक्य नीट लक्षात ठेवा. 'प्रमाणात' म्हणजे मोजता येईल असं.

१९५६ मध्ये आपण मुंबई राज्यात आलो. त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीनं कलम ३७१ बदललं. तिथे काय आहे? राष्ट्रपती आदेश काढून राज्यपालांवर विशेष जबाबदारी सोपवू शकतील, आणि नोकरीच्या 'पुरेशा संधी' मिळाव्यात, तेही संपूर्ण राज्याच्या गरजा सांभाळून. प्रमाण गेलं, 'पुरेशा' आलं. आकडा जाऊन विशेषण आलं! आणि विशेषणाची मोजदाद कुठल्या रजिस्टरात करणार? त्या आदेशाखाली विकास मंडळं स्थापन व्हायला १९९४ उजाडलं, आणि एप्रिल २०२० मध्ये त्यांची मुदत संपली.

आता शेजारी बघा. तेलंगण म्हणजे आपल्याच जुन्या राज्याचा भाग. १९५७ च्या कायद्यानं नोकरीसाठी रहिवासाची अट देशभर काढून टाकली, पण तेलंगणासाठी अपवाद ठेवला. मराठवाड्यासाठी ठेवला नाही. तो अपवाद १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला. १९७२ मध्ये त्याच न्यायालयानं मुल्की नियम वैध ठरवले. आंदोलनं झाली, तडजोड झाली, आणि शेवटी १९७३ मध्ये कलम ३७१-ड आलं. १९७५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशात स्थानिक उमेदवारांचे टक्के ठरले: कनिष्ठ लिपिकाच्या दर्जाला ८०, इतर अराजपत्रित पदांना ७०, ठरावीक राजपत्रित पदांना ६०. एका निजामाच्या राज्यातून निघालेले दोन भाग. एकाच्या हातात आकडे पडले, दुसऱ्याच्या हातात विशेषण.

इथं कुणी विचारेल, आणि विचारायलाच हवं, की आपल्याच देशात रहिवासाची भिंत कशाला? राज्यघटनेचं कलम १६ जन्मस्थळ आणि निवास यांवरून नोकरीत भेदभाव नको म्हणतं. ते बरोबरच आहे. एका भागातल्या हुशार मुलाला दुसऱ्या भागात दार बंद करणं मलाही पटत नाही. पण मग त्या दारापर्यंत पोचायची शाळा, वसतिगृह, ग्रंथालय दोघांना सारखं मिळालेलं असलं पाहिजे. आश्वासनाचा खरा अर्थ तोच होता.

तेव्हा, लातूरच्या शिकवणीत आणि नांदेडच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घेऊन बसलेल्या मुलामुलींना माझं एवढंच सांगणं आहे. मार्बरीसारखं नुसतं 'आमचा हक्क आहे' म्हणत बसू नका. विभागवार भरतीचे आकडे माहिती अधिकारात मागा. वर्षावार तक्ता करा, आमदाराच्या समोर ठेवा. जुन्या कागदावर सह्या आहेत, शिक्काही आहे. जावक झालेलं आहे. आवक कुठे झालं ते आता आपण विचारायचं आहे.