पायाला चिखल्या झाल्यात? अंगावर काढू नका

सोण भिक्खूंचे पाय चंक्रमण करताना रक्तबंबाळ झाले, तेव्हा तथागतांनी त्यांना वहाणांची मुभा दिली. एकट्यासाठी नको म्हटल्यावर ती साऱ्या संघाला मिळाली, असे महावग्ग सांगतो. पाय झिजवणे म्हणजे धम्म नव्हे.

पेडगाव (जि. परभणी) भागात पावसाळ्यात खुरपणीला जाणाऱ्या आयाबहिणी मात्र काळ्या मातीच्या चिखलात दिवसभर अनवाणी असतात. ओल्या बेचक्यांत बुरशी वाढते, त्याच चिखल्या. पाय धुऊन बेचक्या कोरड्या पुसा, बुरशीनाशक मलम लावा. खाज थांबली म्हणून लगेच सोडू नका. भेगांना रात्री व्हॅसलीन. कुरूप चपलेच्या दाबाने होते, ते ब्लेडने कापू नका. मधुमेहात जखम दुखतही नाही. घरातल्या मधुमेहींचे तळवे रोज पाहा, जखम दिसताच दवाखाना गाठा.