चित्रकथींच्या गांवीं

ग्रंथपालाची सुटी म्हणजे पुस्तकांवांचूनचा दिवस, अशी आमच्या घरच्या मंडळींची समजूत आहे. म्हणूनच गेल्या हिवाळ्यांत माझा मुंबईचा भाचा मालवणास आला आणि "मामा, उद्यां तुम्हांला कपाटांपासून दूर नेतों," असें म्हणाला, तेव्हां सर्वांनाच आनंद झाला. हा मुलगा कॉमिक्सचा मोठा भोक्ता. अशा पुस्तकांच्या चाहत्यांचे मेळे अमेरिकेंत सॅन डिएगो येथें १९७० पासून भरत आले आहेत; आपल्याकडे २०११ सालीं दिल्लीस तसा मेळा भरला व पुढें मुंबईसहि ती प्रथा आली. तेथें लोक आवडत्या नायकाचा वेष घेऊन हिंडतात, चित्रकारांच्या सह्या घेतात, जुन्या अंकांसाठीं घासाघीस करतात. भाच्याचें तें रसभरित वर्णन ऐकून मी म्हणालों, "तुझ्या मेळ्याला येण्याइतकी रजा माझ्यापाशीं नाहीं. पण चित्रें दाखवून गोष्ट सांगणाऱ्यांचें एक गांव येथून तासाभराच्या वाटेवर आहे. तें पाहिलें आहेस का?" त्यानें तें पाहिलें नव्हतें. आणि श्रोतेहो, खरें सांगावयाचें तर मीहि इतक्या वर्षांत तें नीट पाहिलें नव्हतें.

तें गांव म्हणजे कुडाळजवळचें पिंगुळी. मालवणाहून चौक्यावरून धामापूरच्या तळ्याकांठीं आलें कीं गाडी आपोआप थांबते, तशी आमचीहि थांबली. पण त्या तळ्याचें वर्णन पुन्हां केव्हां तरी. पिंगुळी येथें ठाकर समाजाची वस्ती आहे आणि चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ अशा कितीएक कला या समाजानें पिढ्यान् पिढ्या सांभाळल्या आहेत. सावंतवाडीच्या सावंत-भोसले राजघराण्याचा त्यांना आश्रय होता. आश्रय आटल्यावर पोटासाठीं माणसें दुसऱ्या कामांना लागलीं. अशा काळांत श्री. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्याचें रूपांतर करून २००६ सालीं 'ठाकर आदिवासी कला आंगण' हें संग्रहालय उभें केलें. २०२१ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. गोठ्यांतून संग्रहालय निघावें ही गोष्ट, सरकारी अनुदानाच्या हप्त्याकडे डोळे लावून बसणाऱ्या आम्हां ग्रंथालयवाल्यांना जरा ओशाळें करणारी आहे.

आतां चित्रकथी म्हणजे काय तें सांगतों. सुमारें फूटभर उंच व दीड फूट लांब अशा कागदावर एकेक प्रसंग रंगविलेला असतो. माणसांचे चेहरे बहुधा एका बाजूनें दिसणारे, डोळे टपोरे, रेषा जाड व निश्चयी. पूर्वीं रंग खनिजांचे व झाडपाल्याचे असत. एका आख्यानाचीं तीस ते पन्नास चित्रें मिळून जो गठ्ठा होतो त्याला 'पोथी' म्हणतात. रामायण, महाभारत व पुराणें हे तिचे विषय. दोन चित्रें पाठीला पाठ लावून चिकटविलेलीं असतात, म्हणजे पान उलटलें कीं पुढचा प्रसंग समोर येतो. मुख्य कथेकरी वीणा घेऊन बसतो, साथीला हुडूक व टाळ. आरंभीं गणपतीचें व सरस्वतीचें चित्र दाखवून वंदन होतें आणि मग एकेक पान उभें करून, कधीं गाऊन, कधीं बोलून, कथा पुढें नेली जाते. कला जुनी आहे. बाराव्या शतकांतील चालुक्य राजा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' ग्रंथांत चित्रकथकाचा उल्लेख येतो.

भाच्यानें पहिली चार चित्रें पाहतांच शंका काढली. "मामा, यांत बोलणाराच्या तोंडापाशीं फुगा नाहीं. मग कोण काय म्हणतो तें कळायचें कसें?"

शेजारीं बसलेले एक वृद्ध गृहस्थ हंसले. "फुगो कित्याक होयो? आमी आसंव मा!" ते म्हणाले. मग त्यांनी एक पान उचललें. रणांगणाचें चित्र होतें. बाण आकाशांत जेथल्या तेथें थिजलेले. त्यांनी आवाज लावला मात्र, आणि ते बाण सुटले असें मला वाटलें. बोट चित्रावरून फिरत होतें, त्याबरोबर आमची नजर फिरत होती. कॉमिक्सच्या पानावर चौकटी नजरेला वाट दाखवितात. येथें तेंच काम बोट करीत होतें. भाचा गप्प झाला. चित्रापुढें तो गप्प बसलेला मीं प्रथमच पाहिला.

माझ्या मनांत मात्र दुसरेंच चाललें होतें. ही पोथी उद्यां माझ्या ग्रंथालयांत आली, तर तिला वर्गांक कोणता द्यावयाचा? ड्यूईच्या पद्धतींत कॉमिक्सची जागा ७४१.५, लोककथा म्हटली तर ३९८.२, भारतीय चित्रकला म्हटली तर ७५९.९५४. शिवाय तालिकापत्रकावर लेखकाच्या जागीं कोण? चित्र एकानें काढलें, दुसऱ्यानें वर्षानुवर्षें सांगितलें, तिसऱ्यानें बापाकडून ऐकून त्यांत दोन ओळी घातल्या. मीं ही अडचण त्या गृहस्थांपुढें ठेवली. ते म्हणाले, "मास्तर, ह्यां पुस्तक नाय. ही पोथी आसा. पुस्तक गप ऱ्हवता."

या उत्तरांत चमत्कृति आहे तशी एक काळजीची गोष्टहि आहे. जपानांत कामिशिबाई नांवाची अशीच एक कला होती व आहे. १९३० नंतरच्या दशकांत कथेकरी सायकलवर लांकडी पेटी लावून गल्लोगल्लीं हिंडत, मुलांना मिठाई विकीत आणि चित्रांचे पुठ्ठे एकामागून एक सरकवीत गोष्ट सांगत. पुढें मांगा या जपानी कॉमिक्समध्यें नांव मिळविलेले मिझुकी शिगेरू यांच्यासारखे चित्रकार याच धंद्यांतून आले. तेथें सोय अशी कीं गोष्टीचे शब्द पुठ्ठ्याच्या पाठीवर लिहिलेले असतात. त्यामुळें रस्त्यावरचा कथेकरी नाहींसा झाला तरी संच राहिले, आणि जपानांतील ग्रंथालयें ते इतर पुस्तकांप्रमाणें घरीं वाचावयास देतात. आमच्या पोथीच्या पाठीवर शब्द नाहींत. तेथें दुसरें चित्र आहे. शब्द माणसाच्या गळ्यांत आहेत. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयांत जुन्या चित्रकथींचा मोठा संग्रह आहे व तो सुरक्षित आहे याचें समाधान वाटतें. परंतु कांचेमागच्या चित्राला साथ करणारा हुडूक तेथें नाहीं. आणि शौकिनानें एकच सुटें पान विकत घेऊन दिवाणखान्यांत लावलें, तर मधल्या प्रसंगावांचून आख्यान लंगडें होतें तें वेगळेंच.

यावरून एक जुनी गोष्ट आठवली, ती कबूल केलीच पाहिजे. मी ज्या ग्रंथालयांत प्रथम उमेदवारी केली तेथें एका पेटाऱ्यांत इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक होते. १९६४ सालीं सुरू झालेली ती माला १९९० मध्यें बंद पडली होती. वेताळाच्या त्या गोष्टींचीं पानें मुलांचीं बोटें लागून मऊ झालीं होतीं. त्यांना दाखल अंक दिलेला नव्हता, कारण हीं पुस्तकें नव्हेत असें कार्यकारी मंडळाचें मत होतें. एका पावसाळ्यांत कसर लागली व पेटारा रद्दींत गेला. वजन करून देतांना तराजू मीं धरला होता. आज भाचा सांगतो कीं तसल्या अंकांना मेळ्यांत चांगली किंमत येते. पण मला आठवतो तो एक मुलगा, जो पुढें तीन शनिवार येऊन पेटारा कोठें गेला म्हणून विचारीत होता. चौथ्या शनिवारीं तो आला नाहीं.

पिंगुळीहून निघतांना ऊन उतरलें होतें. अंगणांत एक लहान मुलगी कळसूत्री बाहुलीच्या दोऱ्या सोडवीत बसली होती. भाच्यानें तिला विचारलें, "तुला सगळीं आख्यानें येतात का?" तिनें मान हलवून नाहीं म्हटलें आणि आंत बसलेल्या वृद्धांकडे बोट दाखविलें.

परत आल्यावर मीं आमच्या मंडळाकडे अर्ज केला आहे: पोथी विकत घेण्याचा नव्हे, तर ग्रंथालयाच्या सभागृहांत दोन रात्रीं एक आख्यान पूर्ण सांगवून घेण्याचा, प्रत्येक पानाबरोबर त्याचे शब्द ध्वनिमुद्रित करण्याचा आणि कलावंतांना योग्य बिदागी देण्याचा. मंडळानें तूर्त एवढेंच विचारलें आहे कीं हा खर्च ग्रंथखरेदीखालीं टाकावयाचा कीं करमणुकीखालीं. मीं ग्रंथखरेदी असें उत्तर लिहून पाठविलें आहे, आणि नोंदवहींत पुढचा दाखल अंक कोरा ठेवला आहे.