बौद्ध गुरुजी गेले, आता दहावं-तेरावं करायचं का? जलदान म्हणजे काय?

मालेगाव : गेल्या महिन्यात आमच्या शेजारच्या गावात एक वयस्कर बौद्धाचार्य वारले. पंचक्रोशीतली कितीतरी लग्नं त्यांनीच लावलेली. सगळे त्यांना गुरुजी म्हणायचे. अंत्यविधी झाला अन् संध्याकाळीच ओट्यावर वाद सुरू झाला. भाऊबंदांतला एक म्हणे, रक्षा नाशिकला रामकुंडावर न्या. दुसरा म्हणे, एवढा मोठा माणूस, गावजेवण तर झालंच पाहिजे. मुलगा गप्प. बापानं जन्मभर ज्याला नाही म्हटलं, तेच बापाच्या नावानं करायचं का? आणि नाही केलं तर लोक म्हणणार, पोरानं पैसे वाचवले. कांद्याचे पैसे हातात नाहीत, म्हणजे जेवण घालायचं तर उसनवारीच.

मी बातमीसाठी गेलो होतो, दोन तास तिथंच बसलो. नंतर तीन-चार वाचकांचेही असेच फोन आले, म्हणून हे लिहितो.

बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यातच श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. बौद्ध विचारात कायम टिकणारा आत्मा मानत नाहीत, मग पिंड खायला येणार कोण? त्याऐवजी आपल्याकडे जलदान विधी आणि पुण्यानुमोदन करतात. त्याला दहावा-तेरावा असा पक्का दिवस नाही, पाहुण्यांच्या सोयीनं ठरतं. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे मेणबत्ती, अगरबत्ती, फुलं. मग त्रिसरण-पंचशील. घरचे लोक तांब्यातून पाण्याची बारीक धार एका भांड्यात सोडतात, ते भरून वाहू लागतं, तोवर पाली गाथा म्हणतात. डोंगरावरचं पाणी ओढ्यात, ओढ्यातून नदीत, शेवटी समुद्राला पोहोचतं. तसं आपण केलेल्या चांगल्या कामाचं पुण्य गेलेल्या माणसाच्या वाट्याला जावं, असा त्याचा भाव. खर्च म्हणाल तर पाण्याचा.

फलकाचंही सांगतो. आपल्यात 'कै.' किंवा 'स्वर्गीय' लिहीत नाहीत, 'कालकथित' लिहितात. 'महापरिनिर्वाण' हा शब्द बुद्ध आणि बाबासाहेबांसाठी राखलेला आहे. तो प्रत्येक बॅनरवर टाकू नये, असं माझं मत.

आता गेलेला माणूस गुरू असेल तर वेगळं काय करायचं? हा प्रश्न खुद्द बुद्धांच्या वेळीच आला होता. कुशीनगरला बुद्ध शेवटच्या क्षणी असताना आनंद बाजूला जाऊन रडत होता. बुद्धांनी त्याला रागावलं नाही. बोलावून घेतलं, त्यानं केलेल्या सेवेचं कौतुक केलं. म्हणजे रडायला बंदी नाही. पण फुलं वाहणं ही खरी पूजा नाही, सांगितलेलं आचरणात आणणं ही खरी पूजा, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं.

हे कसं करतात ते आपल्याच जिल्ह्यात बघायला मिळतं. इगतपुरीचं धम्मगिरी तुम्हाला माहीत असेल, १९७६ पासून तिथं विपश्यनेची शिबिरं चालतात. ते उभं करणारे सत्यनारायण गोएंका २९ सप्टेंबर २०१३ ला मुंबईत वारले. त्यांच्या जागी गादीवर कुणी एक माणूस बसवला नाही. आजही दहा दिवसांच्या शिबिरात त्यांच्याच आवाजाच्या रेकॉर्डिंगवर शिकवतात, आणि फी नाही, दानावरच चालतं. त्यांच्या स्मृतिदिनाच्या सुमारास गोराईच्या पॅगोडात दरवर्षी एक दिवसाचं मोठं शिबिर होतं. भाषणं करण्यापेक्षा दिवसभर डोळे मिटून बसायचं, हीच आदरांजली. (आधी दहा दिवसांचं शिबिर केलेलं नसेल तर त्यात बसता येत नाही, नाहीतर उगाच खेटा होईल.)

आणि ७ डिसेंबर १९५६ तर आपण विसरूच शकत नाही. दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांची चिता, अफाट गर्दी. तिथंच भदंत आनंद कौसल्यायन यांनी लोकांना धम्मदीक्षा दिली. बाबासाहेब मुंबईत दीक्षेचा सोहळा घेणार होते, तो राहून गेला होता. माणसं रडत होती आणि रडता रडताच त्यांचं राहिलेलं काम पुढे नेत होती.

शेजारच्या गावातल्या त्या मुलानं शेवटी जलदानच केलं. आलेल्यांना चहा आणि खिचडी दिली. रक्षा विहारामागे पिंपळाच्या रोपाच्या खड्ड्यात टाकली. एक भाऊबंद रुसून जेवला नाही, तो अजूनही बोलत नाही म्हणे. गुरुजी रविवारी विहारात पोरांची वंदना घ्यायचे. मुलाला पाली येत नाही, पण बारावीतल्या एका मुलीला सगळ्या गाथा पाठ आहेत. मागच्या रविवारी तिनंच वंदना घेतली. अकरा पोरं होती, आणि मुलगा मागच्या रांगेत बसून त्यांच्या मागून म्हणत होता.