धावणाऱ्यांचा हजेरीपट

पहाटे साडेपाचच्या सुमारास मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर किंवा शिवाजी पार्कभोवती जो कोणी गेला असेल, त्याला हे दृश्य नवे वाटणार नाही. बँकेत हिशेब पाहणारे, शाळेत शिकविणारे, दुकान चालविणारे, सेवानिवृत्त झालेले असे नाना वयांचे स्त्री-पुरुष तेथे धावत असतात. त्यांना पदक मिळावयाचे नसते, की कोणत्या संघात त्यांची निवड व्हावयाची नसते. धाव संपली की प्रत्येक जण मनगटावरचे घड्याळ थांबवितो, घाम पुसतो आणि खिशातला फोन काढून एखादी ओळ लिहितो: 'आज सहा किलोमीटर. गुडघा ठीक.' घरी पोचून आंघोळ उरकेपर्यंत त्या ओळीखाली दहा-बारा जणांचे 'शाब्बास' जमा झालेले असते. त्यांत शेजारच्या इमारतीतला सोबती असतो, तसाच ज्याला कधी प्रत्यक्ष पाहिलेलेही नाही असा दूरच्या गावचा धावकही असतो.

बाहेरून पाहणाऱ्याला या प्रकाराचे हसू येणे साहजिक आहे. धावावयाचे तर खुशाल धावावे. त्याची दवंडी कशाला पिटावयाची? व्यायाम ही ज्याच्या-त्याच्या शरीराची गोष्ट आहे, तिच्यात चारचौघांच्या शाबासकीचा संबंध काय? हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. परंतु तो घेणाऱ्याने स्वतः किती वेळा पहाटेचा गजर लावला आणि किती वेळा तो बंद करून पुन्हा पांघरूण ओढून घेतले, याचा हिशेब केला, तर या दवंडीमागचे कारण त्याला वेगळे दिसू लागेल.

रात्रीचा माणूस, पहाटेचा माणूस

अर्थशास्त्राचे २००५ सालचे नोबेल पारितोषिक ज्यांना मिळाले त्या थॉमस शेलिंग यांनी १९७८ साली एक छोटा निबंध लिहिला होता. माणूस स्वतःलाच कसा फसवितो आणि स्वतःच्याच फसवणुकीवर कोणत्या युक्त्या योजतो, हा त्याचा विषय. हाताशी ठेवलेला गजर झोपेतच बंद केला जातो, म्हणून घड्याळ खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवणारा माणूस त्यात भेटतो. रात्री संकल्प करणारा आणि पहाटे तो मोडणारा हे जणू दोन निराळे इसम असून एकाने दुसऱ्याला बांधून घातल्याखेरीज काम होत नाही, असा या विचाराचा मथितार्थ.

धावण्याच्या बाबतीत ही अडचण विशेष तीव्र होते. येथे किंमत रोखीने मोजावी लागते आणि लाभ मात्र उधारीवर मिळतो. झोप, थंडी, धाप आणि दुखरे पाय हे आत्ताचे. निरोगी हृदय आणि आटोक्यात राहिलेली साखर हे दहा-वीस वर्षांनंतरचे, आणि तेही खात्रीचे नव्हेत. अशा व्यवहारात मन पुन्हा पुन्हा आजच्या सुखाकडे झुकते. त्याला आवर घालण्यासाठी घड्याळ दूर ठेवणे ही एक युक्ती. 'उद्या साडेपाचला येतो' असे दहा जणांना सांगून ठेवणे ही दुसरी, आणि बहुधा अधिक परिणामकारक. पहिल्या युक्तीत माणूस झोपेशी झगडतो, दुसरीत त्याला साक्षीदार मिळतो.

साक्षीदाराची गरज नसलेली माणसे नाहीत असे नाही. १९७० साली बोस्टन मॅरेथॉन जिंकणारे ब्रिटिश धावपटू रॉन हिल हे वस्त्ररसायनशास्त्राचे डॉक्टरेट मिळविलेले अभ्यासक. डिसेंबर १९६४ पासून जानेवारी २०१७ पर्यंत, म्हणजे ५२ वर्षे आणि ३९ दिवस, त्यांनी रोज किमान एक मैल धावण्याचा नेम चालविला. त्यांचा साक्षीदार म्हणजे त्यांची वही. रोजची धाव ते तिच्यात लिहून ठेवीत. परंतु अशी माणसे अपवाद. सामान्य माणसाची वही चौथ्या दिवशी कोरी राहते, कारण ती कोरी राहिली हे विचारणारे कोणी नसते.

ऑकलंडचा मागे रेंगाळलेला सोबती

सोबतीने धावण्याची ही चळवळ फोनने जन्माला घातलेली नाही. न्यूझीलंडमधील प्रशिक्षक आर्थर लिडियर्ड यांच्या प्रेरणेने १९६० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत ऑकलंड येथे मध्यमवयीन, बैठे काम करणारी माणसे एकत्र जमून हळूहळू धावू लागली. वेग इतकाच ठेवावयाचा की धावता धावता शेजाऱ्याशी बोलता यावे, असा तेथला साधा दंडक होता. १९६२ च्या अखेरीस अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठाचे नामांकित प्रशिक्षक बिल बॉवरमन तेथे गेले. दुसऱ्यांना धावावयास शिकविणाऱ्या या ५१ वर्षांच्या गृहस्थाची त्या मंडळींबरोबर धावताना पुरती दमछाक झाली, आणि सत्तरी उलटलेला, हृदयविकारातून उठलेला एक सभासद त्यांच्यासाठी मुद्दाम मागे राहून गप्पा मारीत त्यांना सोबत करीत राहिला. बॉवरमन परतले ते हा धडा घेऊनच. त्यांनी आपल्या गावात असेच गट सुरू केले आणि १९६७ साली एका हृदयरोगतज्ज्ञाच्या सहकार्याने 'जॉगिंग' हे पुस्तक लिहिले.

आजच्या फोनवरच्या नोंदवहीचे मूळही सोबतीच्या या ओढीतच आहे. २००९ साली अमेरिकेत सुरू झालेल्या 'स्ट्राव्हा' या सेवेचे संस्थापक मार्क गेनी आणि मायकेल होर्वाथ हे हार्वर्ड विद्यापीठाच्या नौकानयन संघातले जुने सोबती. शिक्षण संपल्यावर व्यायाम एकट्याने करता येत होता; चुकली होती ती सरावानंतरच्या खोलीतली थट्टामस्करी आणि चढाओढ. ती दूर राहूनही मिळावी, हा त्यांचा मूळ विचार होता. २०२२ पर्यंत या सेवेच्या सभासदांची संख्या दहा कोटींच्या पुढे गेली. एवढ्या माणसांना सोबत चुकल्यासारखी वाटत होती, असाच याचा अर्थ घ्यावयाचा.

पाऊस एका शहरात, परिणाम दुसऱ्यात

तथापि, शंका उरते. धावणाऱ्यांचे मित्र धावणारेच असावयाचे. मग एकामुळे दुसरा धावतो, हे कशावरून? मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील सिनान अराल आणि ख्रिस्तोस निकोलाईडिस यांनी या शंकेवर शोधलेला तोडगा मार्मिक आहे. सुमारे अकरा लाख धावकांच्या पाच वर्षांच्या नोंदी त्यांनी हवामानाच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. एका शहरात पाऊस पडला की तेथील धावक घरी बसतो. त्याचा मित्र दूरच्या शहरात असेल, तर त्या पावसाचा त्याच्या अंगावर थेंबही पडत नाही. तरीही त्या दिवशी मित्राची धाव कमी झाली, तर ती केवळ सोबत्याच्या प्रभावामुळे, असे म्हणता येते. २०१७ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की, मित्र एक किलोमीटर अधिक धावला तर त्याच दिवशी संबंधित व्यक्ती सुमारे तीनशे मीटर अधिक धावते.

याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष शिक्षकांनी विशेष लक्षात घ्यावा असा आहे. कमी धावणाऱ्यांचा प्रभाव अधिक धावणाऱ्यांवर पडतो. उलट दिशेने मात्र तो पडत नाही. मागून येणाऱ्या पावलांचा आवाज पुढच्याला ऐकू येतो, पण पुढच्याची पाठ पाहून मागच्याला हुरूप येतोच असे नाही. पहिल्या क्रमांकाचे गुण फळ्यावर लिहिल्याने शेवटच्या बाकावरचा विद्यार्थी अभ्यासाला लागत नाही, हे शिक्षकांना संशोधनावाचूनही ठाऊक असते. तेव्हा वीस किलोमीटर धावणाऱ्याने आपली नोंद झळकविणे नवशिक्याच्या कामी येत नाही. त्याच्या कामी यावयाचे असेल, तर त्या पट्टीच्या धावकाने नवशिक्याच्या दोन किलोमीटरांखाली दोन शब्द लिहावे लागतील. नुसती नोंद पुढच्यांना हलविते; मागच्यांना हवी असते ती शाबासकी. आणि ही वस्तू मोठी चमत्कारिक आहे. दिल्याने ती कमी होत नाही, देणाऱ्याला जवळजवळ काहीच पडत नाही. मात्र ती विकत आणली की तिची किंमत तत्काळ शून्य होते.

साक्षीदाराचा न्यायाधीश होतो तेव्हा

चांगल्या व्यवस्थेला कीड लागते ती येथेच. साक्षीदाराने पाहावयाचे असते, निवाडा द्यावयाचा नसतो. नोंदींची क्रमवारी लागू लागली, कोण किती वेगाने धावला यावर मान ठरू लागला, की साक्षीदाराचा न्यायाधीश होतो. आणि न्यायाधीशापुढे खोटा पुरावा आणण्याचा मोह फार जुना आहे. २०२४ साली इंडोनेशियात एका अजब धंद्याच्या बातम्या आल्या. पैसे घेऊन दुसऱ्याच्या नावावर धावून देणारे तरुण तेथे निघाले होते. धाव एकाची, दाम दुसऱ्याचे, आणि शाबासकी मिळावयाची ती दाम मोजणाऱ्याला! व्यायामाचा पुरावा शिल्लक राहिला आणि व्यायाम तेवढा नाहीसा झाला.

दुसरा धोका शरीराचा आहे. साखळी तुटू नये म्हणून दुखऱ्या पायाने धावणारे प्रत्येक गटात असतात. वर उल्लेखिलेल्या रॉन हिल यांनीही पायाच्या शस्त्रक्रियेनंतर कुबड्यांच्या आधाराने आपला मैल पुरा केला होता. त्यांच्या चिकाटीचे कौतुक करता येईल; परंतु गुडघा सुजलेल्या सामान्य माणसाला 'आज थांबा' असे सांगणारा सोबती ज्या गटात नाही, त्या गटाची शाबासकी हितकारक म्हणता यावयाची नाही. विश्रांतीच्या दिवसाचीही नोंद व्हावी आणि तिच्याखालीही चांगले दोन शब्द लिहिले जावेत, यात या गटांची खरी परीक्षा आहे.

तिसरा प्रश्न मालकीचा. नोंदी सभासदांनी लिहावयाच्या, शाबासकी सभासदांनीच द्यावयाची आणि या विनामोल श्रमातून उभे राहणारे मूल्य मात्र कंपनीच्या खाती जमा व्हावयाचे, असा हा व्यवहार आहे. २०२० साली 'स्ट्राव्हा'ने रस्त्यांच्या टप्प्यांवरील संपूर्ण क्रमवारी पाहण्यास वर्गणी लागू केली. म्हणजे सभासदांनीच भरलेली वही सभासदांनाच पैसे देऊन पाहावी लागली. वहीत नेमके काय उतरते याचे भानही सर्वांना असतेच असे नाही. याच कंपनीने नोव्हेंबर २०१७ मध्ये जगभरच्या धावांचा एकत्रित नकाशा प्रसिद्ध केला, आणि जानेवारी २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातील एका विद्यार्थ्याच्या ध्यानात आले की, सीरिया व अफगाणिस्तान येथील लष्करी तळांची रूपरेषा त्यात उमटली आहे. सैनिकांच्या सकाळच्या फेऱ्यांनी ती रेखाटली होती. जे लष्कराच्या ध्यानात आले नाही, ते पहाटे एकट्याने धावणाऱ्या स्त्रीच्या ध्यानात यावे, ही अपेक्षा वाजवी नव्हे. घर, वेळ आणि रस्ता ही माहिती अनोळखी डोळ्यांपुढे न जाईल अशी सोय फोनमध्ये करून ठेवता येते. गटातील जाणत्यांनी नवागतांना पहिल्याच दिवशी ती शिकविली पाहिजे.

शेवटच्या माणसाची सोय

साक्षीदाराने न्यायाधीश होऊ नये याची काळजी घेणाऱ्या चळवळीही आहेत. ब्रिटनमधील 'पार्करन' ही त्यांपैकी एक. २ ऑक्टोबर २००४ रोजी लंडनच्या बुशी पार्कमध्ये १३ धावकांनी तिचा प्रारंभ केला. पॉल सिंटन-ह्यूइट हे तिचे प्रवर्तक. दुखापतीमुळे स्वतःला धावता येत नसताना मित्रांची सोबत तुटू नये, म्हणून ते घड्याळ हाती घेऊन उभे राहिले. आठवड्यातून एकदा पाच किलोमीटर, प्रवेश विनामूल्य आणि सारी व्यवस्था स्वयंसेवकांची, हे सूत्र पुढे वीसहून अधिक देशांत पसरले. फेब्रुवारी २०२४ मध्ये या संस्थेने आपल्या संकेतस्थळावरून वेगाचे विक्रम आणि उच्चांकांच्या याद्या काढून टाकल्या. त्यावर पुष्कळ टीका झाली. तथापि नवशिक्याला बिचकविणारी गोष्ट दारातून दूर करावी, हा हेतू समजण्याजोगा होता.

भारतात या प्रश्नाला छंदापलीकडचे महत्त्व आहे. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेसा व्यायाम करीत नव्हते, आणि स्त्रियांत हे प्रमाण ५७ टक्के होते. पुण्यात १९८३ पासून आणि मुंबईत २००४ पासून भरणाऱ्या मॅरेथॉन शर्यतींनी धावण्याची आवड रुजविली हे खरे. पण शर्यत वर्षातून एकदा येते आणि पहाट रोज उजाडते. रोजच्या पहाटेला उपयोगी पडणारी यंत्रणा स्वस्त आहे. तिला महागडे घड्याळ लागत नाही. शाळेच्या शिक्षक-खोलीत किंवा कचेरीच्या भिंतीवर लावलेला एक आखीव कागद पुरतो. कारकून-शिक्षकांना हजेरीपट नवा नाही. फरक इतकाच की, त्या पटावर सही केली नाही तर पगार कापला जातो; या पटावर सही केली नाही, तर संध्याकाळी कोणीतरी आपुलकीने विचारतो, 'आज दिसला नाहीत, बरे आहे ना?'

पार्करनमध्ये एक प्रथा आहे. एक स्वयंसेवक मुद्दाम सर्वांच्या मागून चालत येतो, त्यामुळे भाग घेणारा कोणीही कधी शेवटचा ठरत नाही. ऑकलंडमध्ये बॉवरमन यांच्यासाठी मागे राहिलेल्या त्या वृद्ध सभासदाने नेमके हेच केले होते. नोंदवहीखाली रोज उमटणाऱ्या शाबासक्यांचे मोल ठरवावयाचे, तर ते पहिला कोण आला यावरून ठरणार नाही. उद्या पहाटे सर्वांत मागचा माणूस पुन्हा आला की नाही, यावरून ते ठरेल.