फिटची गोळी नेमकी कशी सापडते?

फेफरं आलं की कांदा हुंगवायचा, अंगारा लावायचा, यात वेळ जातो. खरं तर योग्य औषधांनी सुमारे 70 टक्के रुग्णांचे झटके आटोक्यात येतात. मात्र पहिलीच गोळी लागू पडते ती साधारण निम्म्यांना, त्यामुळे औषध बदललं म्हणून डॉक्टर बदलू नका.

फेनिटोइन, कार्बामाझेपिन, व्हॅल्प्रोएट की लेव्हेटिरासिटॅम, हे झटक्याचा प्रकार, वय, वजन पाहून ठरतं. गर्भाला व्यंग येण्याचा धोका असल्याने मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना व्हॅल्प्रोएट शक्यतो टाळतात. पण लग्न ठरलं म्हणून कुठलीही गोळी गुपचूप बंद करणं जिवावर बेतू शकतं. हे घरातल्या मोठ्यांनी ऐकायलाच हवं.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर झटक्याच्या तारखेला लाल फुली मारा. शेजारी लिहा : ‘गोळी चुकली’, ‘रात्रपाळी’, ‘रात्री उसाला पाणी’. रांजणगाव, कुरकुंभच्या एमआयडीसीत किंवा शेतावर झालेलं जागरणही झटक्याला निमित्त ठरतं. तपासणीला जाताना ते पान सोबत न्या. गोळीमुळे येणारी सुस्ती, चिडचिड, हिरड्यांची सूज, डॉक्टरांपासून काहीही लपवू नका.

दोन योग्य औषधं पुरेशा डोसात घेऊनही झटके येत असतील, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. काहींना शस्त्रक्रियेचा उपयोग होतो. मन मोकळं करायला पुण्यात यशोदा वाकणकर यांनी सुरू केलेला ‘संवेदना’ हा स्वमदत गट आहे.

झटका पाच मिनिटांत थांबला नाही, तर लगेच 108 ला फोन करा.