म्हाताऱ्या कुत्र्याच्या यकृतातील गाठ

उंबरमाळीच्या बाजूस भाताची खाचरे पिकू लागली की रानडुकरांपासून राखणीचा मोठा भार कुत्र्यावर पडतो. असा कुत्रा दहा वर्षांचा होऊन अन्नावरून उठू लागला, म्हणजे ‘वय झाले’ असे म्हणून आपण स्वस्थ बसतो. हा समज घातक आहे, असे आम्हांस वाचकांस सांगावयाचे आहे.

यकृतात, म्हणजे काळजात, गाठ झाली असता भूक मंदावते, अंग झडते, ओकाऱ्या होतात, तहान वाढते, पोट फुगते व क्वचित डोळे आणि हिरड्या पिवळ्या पडतात. कित्येकदा प्रारंभी काहीच दिसत नाही. परंतु कावीळ दिसली म्हणजे गाठच, असे समजू नये. गोचिडांपासून होणाऱ्या तापातही ती होते. उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरा रोगातही ती होते. हे रोग वेळीच औषध केल्यास बरे होण्याजोगे आहेत. लेप्टोस्पायरा माणसासही होतो. यास्तव अशा कुत्र्याच्या मुतास उघडा हात लावू नये.

निदानासाठी प्रथम तालुक्याच्या पशुवैद्यकास गाठावे. रक्ततपासणीने यकृताचा बिघाड कळतो व सोनोग्राफीने गाठीची जागा कळते. तिची जात मात्र सुईने अंश काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावाचून नक्की होत नाही. म्हाताऱ्या कुत्र्यांत निरुपद्रवी गाठीही पुष्कळ आढळतात. पुढील उपचारांसाठी 1886 साली स्थापन झालेले परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

यकृताचे अनेक खंड असतात. कर्करोगाची गाठ एकाच खंडात असल्यास तो खंड कापून काढता येतो. उरलेले यकृत वाढून काम सांभाळते, आणि असे कुत्रे पुढे तीन-चार वर्षेही जगल्याचे आढळले आहे. मात्र गाठी सर्वत्र पसरल्या असल्यास, किंवा रोग दुसऱ्या अवयवातून आलेला असल्यास, शस्त्रक्रियेचा सहसा उपयोग नसतो. मग वेदना कमी करणे हेच कर्तव्य उरते.

घरी थोडे थोडे, पचेल असे अन्न वरचेवर द्यावे. बुरशी आलेले शेंगदाणे वा मका कधीही घालू नये. त्यातील विष यकृतास मारक आहे. माणसांच्या तापाच्या गोळ्याही देऊ नयेत.

ज्याने दहा पावसाळे आपले शेत राखले, त्याच्यासाठी दवाखान्याची एक खेप फार नव्हे.